आग्यामोहोळाखाली

“केसांना काय चोपडलंयस?”

ह्या प्रश्नाची शाल्मलीने तयारी केली नव्हती.

तिला वाटलं होतं, बुवा आधी चित्रं मागतील. ओवरीत बसून एकेक कागद निरखतील, डोळे मिटतील, आणि रेषेबद्दल असं काही बोलतील की ते ऐकायला माणसाने सातासमुद्रापलीकडून परत यावं. बोरदऱ्याच्या मठात तिला भेटला तो कानटोपी घातलेला, गुडघ्यापर्यंत लेंगा खोचून गोठ्यातलं शेण ओढणारा म्हातारा. तिच्या काखेतल्या चित्रांच्या गठ्ठ्याकडे त्याने ढुंकूनही पाहिलं नाही. जवळ आला आणि तिचं डोकं हुंगलं.

“तेल आहे,” ती म्हणाली. “बदामाचं. थोडं सुवासिक...”

“आणि तोंडाला?”

“उन्हाचं क्रीम.”

“तान्हाबाई!” बुवांनी मागे वळून हाक दिली. “हिला धुऊन काढा.”

मठाची चूल सांभाळणाऱ्या तान्हाबाई पदराला हात पुसत बाहेर आल्या. शाल्मलीला त्यांनी खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

“या, ताई. दुसरीकडे नवरीला सजवतात, आमच्याकडं उलटं काम. कानामागं अत्तर नाही ना?”

“नाही हो.”

“सगळ्याजणी नाहीच म्हणतात.”

भवानगिरी बुवा गोसावी घराण्यातले. जन्मभर त्यांनी शाळेत चित्रकला शिकवली आणि मग घराण्याच्या ह्या मठात येऊन राहिले. मठाच्या डोक्यावर, डोंगराच्या कड्यात, जुनी लेणी होती. बुवा कधीतरी एखाद्याला तिथे चित्र काढायला घेऊन जात. जाऊन आलेली माणसं त्याविषयी फारसं बोलत नसत. म्हणूनच शाल्मलीला तिथे जायचं होतं.

ती हॉलंडमध्ये शिकली होती. तिथली संग्रहालयं पालथी घातली होती आणि त्यांच्यातल्याच एका बाकावर बसून ठरवलं होतं, की आपण आपल्या मातीत जाऊन बघायला शिकायचं. आता आठवडाभर नाशकात नोकरी आणि रविवारी चित्रं. तिच्यासारख्याच हौशी मंडळींचा एक गट होता. कधी घाट, कधी फुलबाजार, कधी एखादा गड. सगळ्यांनी मांडी घालून काढायचं, मग मिसळ खायची, मग कागद शेजारी शेजारी मांडायचे. तिच्या कागदापाशी सगळे थांबत. वा, म्हणत.

सुरुवातीला त्या ‘वा’ने तिला आठवडाभर पुरेल एवढा आनंद व्हायचा. हल्ली ‘वा’ ऐकलं की ती कागद पटकन गुंडाळून ठेवायची. आपण म्हाताऱ्या होऊ आणि तोवर हे असंच छान छान काढत राहू, ह्या विचाराने.

“मला शिष्य करून घ्याल?” न्हाऊन आल्यावर तिने सरळच विचारलं.

“दिवसभर वर बस. संध्याकाळी सांगतो.”

“चित्रं नाही बघणार माझी?”

“त्यांना कुठं पळून जायचंय?”

खांद्यावर घोंगडी टाकून बुवा चालू लागले. फाल्गुन सरत आला होता, ऊन भाजत होतं, आणि ह्या माणसाला घोंगडी हवी होती. शाल्मलीला हसू आलं.

वर पोचल्यावर ते मावळलं.

लेण्याच्या कमानीला, अगदी डोक्यावर, काहीतरी काळं लोंबत होतं. दाराएवढं. त्याच्या शेजारी आणखी एक. त्याच्या पलीकडे आणखी. तिला वाटलं, कातळच पुढे आलाय. मग त्या काळ्यावरून एक लाट गेली. या टोकापासून त्या टोकापर्यंत, चमकत, सळसळत... आणि विझली.

“आग्यामोहोळ,” बुवा हलक्या आवाजात म्हणाले. “हात झटकायचे नाहीत. ओरडायचं नाही. अंगावर बसली, तर बसू द्यायची.”

“चावली तर?”

“एक चावली तर सोसायची. तू झटकलीस, की बाकीच्या विचारायला येतात.”

ते लेण्याच्या उंबऱ्यावर बसले. शेजारची जागा त्यांनी तळहाताने झाडली.

“बस. ते काढ.”

शाल्मली बसली. खाली दरी, वर ते. तिने कोळशाची कांडी काढली आणि नेहमीप्रमाणे आधी कमान बांधायला घेतली. कमान छान आली. पोळ्यांचे आकार छान आले.

बुवांनी बघितलं.

“हे तर फणस लागलेत.”

तिच्या कानाच्या पाळ्या तापल्या. दुसरा कागद घेतला. पुन्हा फणसच.

“बुवा, त्यांच्याकडे बघवत नाहीये.”

“दिसतंय.”

“मी नजर वळवते आणि मग आठवून काढते.”

“तेही दिसतंय.”

... 

एक माशी येऊन तिच्या मनगटावर बसली. शाल्मलीने श्वास धरला. माशी चालत अंगठ्यापर्यंत गेली, थांबली, परत फिरली. तेवढ्या वेळात पळावं असं तिला कितीदा वाटलं याला गणती नाही. पळायला जागा नव्हती. मागे कातळ, पुढे दरी. म्हणून ती वर बघत राहिली. दुसरं काही करता येत नव्हतं, म्हणून हात चालू लागला.

पोळ्यावरून लाट गेली. कागदावरून कांडी गेली. पुन्हा लाट, पुन्हा कांडी. कमान कुठे सुरू झाली आणि कुठे संपली, तिचं तिला कळलं नाही.

माशी कधी उडून गेली तेही.

थांबली तेव्हा मांडीवर एक चित्र होतं. ते तिने काढलं होतं यावर तिचा विश्वास बसेना. त्यात छान असं काहीच नव्हतं. पण त्याच्याकडे पाहिलं की मानेवरचे केस उभे राहत होते.

बुवा वाकले. बराच वेळ बघत राहिले. मग त्यांनी कानटोपी काढून मांडीवर ठेवली.

शाल्मलीचा ऊर भरून आला. आणि त्याच क्षणी दुसरी भीती आत शिरली. हे पुसलं गेलं तर? कोळसा तो. उतरताना नुसता बाहीचा स्पर्श पुरे. असं चित्र पुन्हा हातून होईल कशावरून? आयुष्यात एकदाच झालं असेल तर?

बुवा कातळात कोरलेल्या पाण्याच्या टाक्याकडे ओंजळ भरायला वळले होते.

तिने पिशवीत हात घातला. कोळशाचं चित्र पक्कं करायचा फवारा प्रत्येक रविवारी तिच्याजवळ असायचा. तेल उतरवलं होतं, क्रीम उतरवलं होतं. हा डबा तिच्या ध्यानातही आला नव्हता. तो वास थोडाच होता? ते तर सामान होतं.

फस्स्स...

औषधी, उग्र वासाचा एक ढग कागदावरून उठला आणि वाऱ्याबरोबर कमानीकडे गेला.

बुवा गर्रकन वळले.

“काय केलंस?”

वरची लाट ह्या खेपेला विझली नाही. ती सुटली.

एक घोंगावणारा काळोख खाली आला. शाल्मलीच्या कपाळावर निखारा टेकावा तसं झालं, मग मानेवर, मग ओठावर. ती किंचाळणार तोच घोंगडी तिच्या डोक्यावर पडली आणि कुणीतरी तिला भिंतीशी दाबून धरलं.

“हलू नकोस.”

“बुवा, तुम्ही आत या...”

“गप.”

आत अंधार. लोकरीचा वास. बाहेर आवाज असा, की अख्खा डोंगर दात खातोय. घोंगडीची कडा जमिनीशी दाबून धरलेला बुवांचा हात तेवढा तिला दिसत होता. त्यावर माश्या बसत होत्या. हात हलत नव्हता. ती गुडघे पोटाशी घेऊन त्या हाताकडे बघत राहिली आणि आयुष्यात पहिल्यांदाच देवाचं नाव घेतलं. ज्या देवावर तिचा विश्वास नव्हता, त्याचं.

आवाज ओसरायला फार वेळ लागला.

उतरताना बुवा तिच्या खांद्यावर भार टाकून चालत होते. पायवाट तिलाच शोधावी लागत होती.

“कशाला मारलास तो फवारा?”

“चित्र टिकावं म्हणून.”

बुवा दम घ्यायला एका दगडाला टेकले.

“टिकलं?”

तिने खाली पाहिलं. कागद तिने छातीशी कवटाळला होता, घट्ट, पूर्ण वेळ. कोळसा कुडत्याला लागला होता. कागदावर एक राखी डाग होता आणि तिच्या बोटांचे ठसे.

ती रडू लागली. बुवांनी समजूत घातली नाही.

तान्हाबाईंनी बुवांचं तोंड पाहिलं आणि हातातली परातच टाकली. मग नखाने एकेक नांगी खरवडून काढायला बसल्या. तोंडाचा पट्टा चालूच होता.

“हुंगून पाठवली, धुऊन पाठवली, तरी काय घेऊन गेलीस गं पिशवीत? बाँब? आणि तुम्ही, बुवा, ह्या वयात कोणाची ढाल व्हायला निघालात? लग्नबिग्न करायचंय का?”

बुवांचे ओठ सुजून फुगले होते. तरी ते हसल्यासारखे झाले.

तालुक्याहून डॉक्टर मोटरसायकलवर आला. इंजेक्शनं दिली. शाल्मलीला बाजूला घेतलं. “नांग्या खूप आहेत आणि वय झालंय. उद्या सकाळपर्यंत लक्ष ठेवा. श्वास लागला तर थांबू नका, गाडीत घाला.”

ती दाराबाहेर बसून राहिली. आतला श्वास ऐकत. आत जाऊन त्या चेहऱ्याकडे बघायचं धैर्य मात्र तिला झालं नाही. बुवांना पाणी हवं असलं तरी ती तान्हाबाईंना उठवायची.

शिष्य करून घेणार का, हे विचारायची गोष्ट आता उरली नव्हती.

सकाळी श्वास संथ होता. डॉक्टर येऊन गेला. “वाचले,” म्हणाला. तान्हाबाईंनी चहा आणून तिच्यापुढे आदळला.

“पहिली एसटी फाट्यावर येईल आता. निघा, ताई. राग नाही माझा. पण निघा.”

शाल्मलीने पिशवी भरली. फवाऱ्याचा डबा उकिरड्यावर टाकला. फाट्याच्या वाटेला लागली. वळणाआड एसटीचा हॉर्न वाजला, गाडी आली, थांबली, कंडक्टरने तिच्याकडे बघून “येताय का?” म्हणून विचारलं.

तिने मान हलवली. नाही.

ती परत मठाकडे वळली. मठाच्या ओवरीत बुवा भिंतीला टेकून बसले होते. पहिल्यांदाच तिने त्यांच्याकडे नीट पाहिलं. डोळ्यांच्या जागी दोन चिरा होत्या. गाल, कपाळ, ओठ, सगळं एकमेकांत मिसळलं होतं. हा माणसाचा चेहरा होता आणि तो तिने असा केला होता.

ती समोर बसली. कोरा कागद मांडीवर घेतला.

“कोण?” बुवांनी विचारलं.

“मी. शाल्मली.”

“एसटी चुकली?”

“नाही. सोडली.” तिने कोळशाची कांडी काढली. “बुवा... मला तुमचा चेहरा काढायचा आहे.”

चुलीपाशी तान्हाबाईंच्या हातातली फुंकणी थांबली. “काय म्हणाली? अगं, लाज वाटत नाही का तुला?”

“वाटते,” शाल्मली म्हणाली.

बुवांनी हात वर केला. तान्हाबाई गप्प झाल्या. बुवांनी चेहरा शाल्मलीच्या आवाजाच्या दिशेने, उजेडाकडे, थोडा वळवला.

आणि वाट पाहिली.

ओवरीत कागदाचा बारीक फडफडाट होत होता. वारा पडलेला होता.

“काढत का नाहीस?”

“हात थरथरतोय, बुवा. थांबला की सुरू करते.”

“आत्ताच काढ. थांबला, की ऊठ तिथून.”