साळूआजीचे काटे

माणसाने विजेचे खांब रोवले, त्याच्याही फार आधीची ही गोष्ट. काजव्यांचा उजेड डोंगरापलीकडे न्यायचा म्हणून जाळी विणणारे कोळी जंगलभर तार ताणत निघाले होते. तारेला जे टेकेल ते करपून जाई. ती तार साळूआजीच्या परसावरून जाणार होती.

कोळ्यांचा मुकादम टोपलीभर रताळी घेऊन आला. “एका खांबाच्या खड्ड्याला एक टोपली. सगळीकडे हाच दर आहे, आजी.”

“आणि वरून तार जाणार, त्याचं काय?”

“ती तर हवेत असते! हवेचं कोण काय देतं?”

आजी भांडली नाही. “आधी नुसता साधा धागा बांध,” ती म्हणाली, “आणि वारा सुटेपर्यंत बस. तोवर रताळी भाजते.”

दुपारी वारा सुटला आणि धागा झोके घेऊ लागला. तो जिथवर पोचला तिथवर आजी अंगावरचा एकेक काटा काढून जमिनीत रोवत गेली. काट्यांच्या दोन रांगांमध्ये तिने वाढवलेल्या सात बोरी आल्या.

“या तोडाव्या लागतील. आता सांग, मी तुला किती जागा दिली?”

मुकादमाने सातही बोरी एकेक करून मोजल्या. जन्मभर त्याने तारा ताणल्या होत्या, पण त्या झुलताना कधी पाहिल्याच नव्हत्या. “दर हिवाळ्याला सात टोपल्या पोचत्या करीन,” तो म्हणाला. “आणि आजी, हे काटे मला द्याल?”

पुढच्या परसात सशाने टोपलीसाठी लगेच हात पुढे केले. मुकादमाने काटे बाहेर काढले.

“घाई नको, ससोबा. वारा सुटू द्या.”