झऱ्याच्या मापाचा पंप

एकदा एक साठी उलटलेला शिष्य आपल्या नव्वदीला टेकलेल्या गुरुजींकडे गेला. प्रश्न मोक्षाचा नव्हता, पंपाचा होता. घरामागच्या विहिरीवर तीन हॉर्सपॉवरचा बसवावा की पाचचा?

शिष्याचं नाव वासुदेव. पत्नी गेल्यापासून घरात तो एकटाच. एकट्या जिवाला पाणी लागून लागणार किती! दोरीने ओढलेल्या चार बादल्यांत त्याचं भागत होतं. पण दूर शहरात राहणारी त्याची लेक शाल्मली गेल्या खेपेला म्हणाली होती, "बाबा, अंघोळीला पाणी ओढत बसायचं, मुलांना नाही हो जमत." आणि ती लवकरच परत गेली होती. तेव्हापासून वासुदेवाच्या डोक्यात एकच गोष्ट होती. गच्चीवर मोठी टाकी, दणदणीत पंप, नळाला धो धो पाणी. मग लेक चार दिवस जास्त राहील.

गुरुजी म्हणाले, "आधी विहीर उपसून काढ."

"उपसून? गुरुजी, मला पाणी हवंय, आणि तुम्ही आहे तेही काढायला सांगता?"

"काढ तर खरी."

गुरुजींपुढे वासुदेवाचं शाळेतही काही चाललं नव्हतं. शेजारच्या बागायतदाराचा डिझेल पंप आणून त्याने विहीर पार रिकामी केली. मग गुरुजी आले आणि दोघे काठावर बसले. तळाशी खडकाच्या भेगेतून करंगळीएवढी धार येत होती. दुपार कलली तरी पाणी घोट्याच्या वर चढेना. आपली विहीर इतकी गरीब आहे हे वासुदेवाला इतक्या वर्षांत कधी कळलंच नव्हतं. त्याला फार वाईट वाटलं.

तेवढ्यात शाल्मलीचा फोन आला. वासुदेव त्यावर तुटून पडला. "कधी येतेस? रजा मिळाली का? रविवारी फोन का नाही केलास? मुलं कुठायत, दे बघू त्यांना. जेवतेस ना वेळेवर?" पलीकडून आधी उत्तरं आली, मग नुसते हुंकार, मग "बाबा, नंतर बोलते."

"हल्ली असंच करते," वासुदेव म्हणाला. "माझ्याशी बोलण्यासारखं तिच्यापाशी काही उरलं नाही, गुरुजी."

गुरुजींची नजर विहिरीतच होती. "वासू, झरा जिवंत आहे, फक्त बारीक आहे. पाचचा पंप लावलास तर घटकाभर धो धो पाणी येईल, मग गाळ, मग नुसती हवा. आणि तू म्हणशील, विहीर आटली. पंप आपल्या तहानेच्या मापाने घेऊ नये, झऱ्याच्या मापाने घ्यावा. अर्ध्या हॉर्सपॉवरचा आण. थोडं थोडं उपस, टाकी रोज भरेल." जरा थांबून ते म्हणाले, "लेकीची माया आटलेली नाही रे. नोकरी, मुलं, संसार, यांतून वाट काढत ती तुझ्यापर्यंत येते. तू मात्र आठवड्याची तहान एका फोनवर भागवायला बघतोस."

वासुदेवाने डोळे पुसले.

लहान पंप बसला. पुढच्या फोनला वासुदेवाने शेवगा फुलल्याचं तेवढं सांगितलं. जिभेवर आलेले सगळे प्रश्न त्याने गिळले. ते सोपं गेलं नाही. "बरं, ठेवतो आता," तो म्हणाला.



"एवढ्यात ठेवता, बाबा?" शाल्मली म्हणाली, आणि आपणहून बोलू लागली. रिकाम्या घरात फोन कानाशी धरून वासुदेव नुसता ऐकत राहिला.