काळखिंडीतले तीन नवरदेव

काळखिंडीत तीन राज्यांच्या हद्दी एकाच दगडाशी मिळत. दरोडेखोर एका हद्दीत लुटत आणि दगड ओलांडून दुसऱ्या हद्दीत बसत. शिपाई दगडापर्यंत धावत आणि परत फिरत.

तिथेच येसबा तेल्याचा थोरला भाऊ कोंडाजी मारला गेला. सुतक फिटायच्या आतच येसबा कातळगडच्या दरबारात शिरला.

"महाराज, तिन्ही राज्यांचे शिपाई बघत होते आणि दादा मेला! तिघं मिळून खिंड का राखत नाही?"

"शेजाऱ्यांची विनवणी मी करणार नाही," राजा म्हणाला. "माझा शिपाई त्यांच्या मातीत जाणार नाही, त्यांचा माझ्या मातीत येणार नाही. एवढं सांभाळून दरोडेखोर धरून दे. नाहीतर दरबारात ओरडलास म्हणून जन्मभर खाणीत दगड फोड."

"देतो. शिपायांना फेटे बांधा, एकाला दागिने घालून घोडीवर बसवा. वऱ्हाड दगडाशी नेऊन थांबवा. मुलीकडचे सामोरे येतील."

"आपण मुलाकडचे ना?" राजानं खात्री करून घेतली.

"मुलाकडचेच."

मग येसबा उरलेल्या दोन्ही राजांकडे गेला आणि तेच बोलला. दोघांनीही तेच विचारलं.

ठरल्या सकाळी दगडाच्या तीन बाजूंना तीन वऱ्हाडं उभी राहिली.

"अहो, पुढं या, आम्ही मुलाकडचे."

"आम्हीपण मुलाकडचेच."

"मग तुम्ही तिकडचे, मुलीकडचे?"

"तोंड सांभाळून बोला, आमचाही नवरदेव आहे."

सामोरं कुणी आल्याशिवाय मुलाकडचे हलतात कसले? तिन्ही वऱ्हाडं उन्हात ताटकळली. एवढं सोनं एका जागी पाहून दरोडेखोर कड्यावरून उतरले. पहिल्या वऱ्हाडानं तलवारी उपसल्या. दरोडेखोर सवयीनं पलीकडच्या हद्दीत पळाले, तर तिथेही नवरदेव. तिसऱ्या हद्दीतही तेच. एकाही शिपायानं हद्द न ओलांडता सगळे धरले गेले.

कातळगडच्या दरबारात राजा गुरकावला, "तिघंही मुलाकडचे? मग मुलीकडचे कोण रे?"

येसबानं दोरखंडानं बांधलेल्यांकडे बोट दाखवलं. "हे, महाराज. सामोरे तेवढे हेच आले."

राजाच्या मिशा हलल्या. "बक्षीस माग."

"खिंडीत तिन्ही राज्यांची मिळून एक चौकी द्या."

"शेजारी तयार होतील?"

"झालेत, महाराज. तेही मुलाकडचे म्हणूनच, विनवणी कुणीच कुणाची न करता."

राजा पोट धरून हसला. चौकी बसली, आणि तिला कोंडाजीचं नाव मिळालं.