तव्यावरचा ओरेगानो

“प्रमाण काय, चाचा?” सुहासने तिसऱ्यांदा विचारलं.

हसनचाचांनी नुसतं त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं.

हे हसनचाचा मुकादम आमचे शेजारी. दाभोळच्या खाडीकाठी घराला घर लागून. एकतीस वर्षं ग्रीक मालकांच्या जहाजांवर स्वयंपाकी होते, सात वर्षांपूर्वी घरी आले. त्यांच्या हातच्या ग्रीक मसाल्याचं इतकं नाव की मुंबईचा एक एजंट अजूनही त्यांची चिठ्ठी बघितल्याशिवाय त्या जहाजांवर स्वयंपाकाला माणूस पाठवत नाही.

सुहास मेणकुदळे साताऱ्याहून आला तो त्या चिठ्ठीसाठी. दोनदा चिठ्ठीविना मुलाखतीत आपटलेला. तिसरी सोमवारी होती, आणि एजंटने बजावलं होतं की आता ही शेवटची.

पोरगा हुशार, वाद नाही. पण बढाई भारी. घरात तीन पिढ्यांचा काळा मसाला, त्यामुळे आपल्या नाकासारखं नाक पंचक्रोशीत नाही, हे त्याने मला आल्याआल्या दोनदा ऐकवलं. मी सुपारी कातरत होतो. कातरत राहिलो.

मसाला तसा अगदी साधा. वाळवलेला ओरेगानो, पुदिना, शेपू. लसूण आणि कांदा उन्हात कडकडीत वाळवून कुटलेला. लिंबाची साल सावलीत सुकवलेली. मिरे, मीठ. घरी कुणीही करावा.

तीन दिवस चाचांनी त्याच्याकडून नुसती वाळवणं करून घेतली. मधेच ते एखादी चिमूट उचलायचे, सुहासच्या नाकाखाली धरायचे आणि त्याच्या चेहऱ्याकडे बघत राहायचे.

सुहासला वाटायचं, परीक्षा चाललीय. मग तो चाचांच्या तोंडाकडे बघत बघत व्याख्यान झोडायचा. चाचा ऐकून घ्यायचे. मी असतो तर उठून गेलो असतो.

चौथ्या दिवशी सकाळी चाचा म्हणाले, आता कर. तेव्हाचा हा प्रश्न.

“प्रमाण काय?”

“तुला वास येतो ना?”

“येतो की.”

“मग घाल.”

सुहासला तो टोमणा वाटला. गाल फुगवून त्याने चुलीवर तवा ठेवला. आपल्याकडे मसाला म्हटला की आधी भाजायचा, आणि हा तर मसाल्याच्या घरातला. आढ्याला टांगलेल्या ओरेगानोच्या जुड्या चाचांना जहाजावरची पोरं आणून देतात. त्यातल्या दोन काढून त्याने तव्यावर चुरल्या.

अहो, पाला तो! धणे-मिरची थोडीच आहे? बघता बघता करपला. वास असा सुटला की पडवीत मला ठसका लागला. आतून चाचांची सून झुबेदा ओढणी नाकाला लावून परसात निघून गेली.

चाचा मात्र पाटावर बसून होते. तव्याकडे नाही, सुहासकडे बघत.

सुहासने एकदा नाक आक्रसलं. चाचांकडे पाहिलं. चाचांच्या चेहऱ्यावर रेघ हलली नाही. पोराने नाक सरळ केलं, बाकीचं सगळं त्यात ओतलं, कुटलं आणि वाटी पुढे केली.

चाचांनी चिमूट उचलली. या वेळी स्वतःच्या नाकाखाली धरली. लांब श्वास घेतला…

“जमला ना, चाचा?”

“तू सांग.”

सुहास क्षणभर अडखळला. “जमला.”

चाचांनी चिमूट वाटीत परत टाकली.

“मला एकोणीस वर्षं वास येत नाही.”

माझा अडकित्ता तसाच उघडा राहिला. सात वर्षं मी शेजारी! आमच्या घरून गेलेल्या प्रत्येक आमटीला या माणसाने वा म्हटलंय, आणि मला पत्ता नाही. मला राग आला, खरं सांगतो. मग कसंतरीच झालं.

सुहास तर पांढराफटक पडला. जहाजावर बर्फखान्यातली गॅसची नळी फुटली, त्यात नाक गेलं, असं चाचा शांतपणे सांगत होते. जिभेला मीठ तेवढं कळतं म्हणाले.

“म्हणजे… जहाजावरची शेवटची बारा वर्षं? तुमचं नाव झालं ते? कसं केलंत?”

चाचांनी दुसरी, न भाजलेली जुडी घेतली. दोन पानं तळहातावर चोळली आणि हात त्याच्या नाकाखाली धरला. चेहऱ्याकडे बघत राहिले.

“असं, जहाजावरच्या पोरांचे चेहरे बघत,” ते म्हणाले. “तीन दिवस तुझ्याही चेहऱ्यावर शोधतोय. तिथे वास दिसतच नाही. तू माझंच तोंड बघत असतोस.”

चाचांनी तव्याकडे बोट केलं.

“मघाशी करपल्याचं कळलं होतं?”

“कळलं होतं.” सुहासने काळा तवा बाजूला सरकवला. “पण तुम्ही काही बोलला नाहीत. मला वाटलं, असंच असेल.”

चाचा हसले नाहीत. रागावलेही नाहीत. सुहासने मान खाली घातली आणि म्हणाला, मग मी निघतो, चिठ्ठीला काही अर्थ नाही. पिशवी उचलायला वाकला तेव्हा त्याचे डोळे भरले होते.

चाचा उठले. फडताळातून एक कागद आणला. खाली त्यांची सही होती, वरचा भाग कोरा. आढ्याची शेवटची जुडी काढून त्यांनी कागदावर ठेवली आणि दोन्ही त्याच्याकडे सरकवलं.

“मसाला जमला, की ‘जमला’ म्हणून वर तूच लिही… मला वास येत नाही.”