हत्तीचा झोपाळा आणि गावाचं गाऱ्हाणं

फार फार जुनी गोष्ट. इतकी जुनी, की त्या काळी राजे पहाटे उठून प्रजेची विचारपूस करत, असं म्हणतात. मला विचाराल तर हे राजांनीच पसरवलेलं असावं. ते असो. लहानांनो, पुढे सरका. मोठ्यांनो, तुम्ही आणखी पुढे सरका, कारण गोष्ट तुमचीच आहे.

एका डोंगराळ राज्यात घाटाच्या पायथ्याशी एक गाव होतं. तिथे एक मीठवाला राहत असे. खाडीकाठच्या मिठागरातून मीठ आणायचं, बैलाच्या पाठीवर दोन गोण्या लादायच्या आणि घाट चढून वरच्या बाजारात विकायचं, हा त्याचा धंदा. बैल एकच, नाव हरण्या. वासरू असल्यापासून हातानं भरवून वाढवलेला. हरण्या होता म्हणून घरात चूल पेटत होती.

घाटाच्या तोंडाशी राजाचा जकातनाका होता. राजाच्या आजोबांनी तो बसवला तेव्हा सांगितलं होतं, गोणीमागे एक पायली माल द्या, त्यातून घाटाची वाट नीट ठेवू. आजोबा होते तोवर वाट नीट राहिलीही. मग नातू गादीवर आला. एका पायलीच्या दोन झाल्या, दोनाच्या तीन झाल्या, आणि वाटेचे दगड मात्र निखळतच गेले. कारण राजाने आपल्या लाडक्या हत्तीसाठी झोपाळा करायला घेतला होता. हो, झोपाळाच. चांदीच्या साखळ्यांचा. हत्तीने तो कधी मागितला होता का, हे कुणी विचारलं नाही. हपापाचा माल गपापा, दुसरं काय.

मीठवाला घरी येऊन बोटं मोडायचा. बायकोला म्हणायचा, "तीन पायल्यांपर्यंत कसंबसं निभतंय. चौथी लागली, की हरण्याला विकावं लागेल बघ."

पण त्याचं खरं दुखणं निराळंच होतं. त्याच्या शेजारी एक नारळवाला राहत असे, आणि त्याच्या बैलाला जकात माफ होती. फार पूर्वी राजाच्या आजोबांची पालखी घाटात कलंडली, तेव्हा नारळवाल्याच्या आज्याने ती खांद्यावर तोलून धरली होती. तेव्हापासून त्या घराला माफी. खूण म्हणून बैलाच्या शिंगांच्या टोकांना राजाच्या पितळी शेंब्या. शेंब्या दिसल्या, की नाकेवाला मुकाट्याने आडवा बांबू वर करी.

मीठवाला गोण्या सोडून पायल्या भरून देत असायचा, आणि नारळवाला "राम राम गड्या" म्हणत पुढे निघून जायचा. त्या राम रामाने मीठवाल्याच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. संध्याकाळी भाकरी खाताना त्याचं ध्यान भिंतीपलीकडे. आज त्यांच्याकडे कशाला फोडणी दिली? त्याची बायको नवं लुगडं नेसली होती का? काय गंमत असते पाहा. राजाचा हत्ती त्याने जन्मात पाहिला नव्हता, पण शेजाऱ्याचा बैल रोज दिसत होता. म्हणून सगळा राग त्या बैलावर.

नारळवाला माणूस वाईट नव्हता. एकदा तो म्हणाला, "तुझी एक गोणी माझ्या बैलावर टाकत जा की. तेवढीच जकात वाचेल."

मीठवाल्याने मान फिरवली. "मी काही भीक मागायला आलो नाही," तो म्हणाला. आणि तीन पायल्या भरत राहिला.

आता त्या राज्याची एक रीत सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. गावाने राजाकडे वर्षातून एकदा जायचं आणि एकच गाऱ्हाणं मांडायचं. तेही एकाच माणसाच्या तोंडून. त्याच्या तोंडून जे पहिलं मागणं निघेल, तेच गावाचं गाऱ्हाणं. मागाहून बदलता येत नसे आणि दुसरं जोडताही येत नसे.

त्या वर्षी गाव पारावर जमलं. म्हातारे पाटील म्हणाले, "एकच मागायचं. जकात पहिल्यासारखी एक पायली करा. ती झाली तर सगळ्यांचीच चूल नीट चालेल." सगळ्यांनी माना डोलावल्या. बोलायला मीठवाल्याला निवडलं, कारण गावात जीभ त्याचीच चालायची. त्यालाही आवडलं ते. तो गोठ्यात हरण्यापुढे उभा राहून "महाराज, जकात एक पायली करावी," असं आठ दिवस घोकत होता.

निघायच्या दिवशी नारळवालाही आला. पाटलांनी विचारलं, "तुला तर माफी आहे बाबा. तू कशाला पाय मोडतोस?"

"मला माफी असली तरी गाव माझंच आहे ना," तो म्हणाला. सगळ्यांची गाठोडी त्याने आपल्या बैलावर लादली.

तीन दिवस चालून मंडळी राजवाड्यापाशी पोचली. ऊन मी म्हणत होतं. द्वारपालाने सगळ्यांना उन्हात बसवलं. मग त्याची नजर बैलाच्या शेंब्यांवर गेली. तो लगबगीने उठला, नारळवाल्याला सावलीत नेऊन घोंगडी अंथरून दिली, आणि गुळाचा खडा नि गार पाणी पुढे केलं. नारळवाल्याने निम्मा गूळ फोडून मीठवाल्याकडे धरला.

मीठवाल्याने तो घेतला नाही. त्याच्या मनात आलं, गावाचा माणूस मी, गाऱ्हाणं मांडणार मी, आणि मान याला? याच्या आज्याने पालखी धरली, याने काय धरलं? घोकलेलं वाक्य त्याच्या डोक्यातून कुठल्या कुठे गेलं आणि तिथे तो गुळाचा खडा येऊन बसला.

आत दरबार भरला होता. राजा जरा कावराबावरा दिसत होता. प्रधानाने त्याला सकाळीच बजावलं होतं, "महाराज, घाटाखालचं गाव आलंय. सगळे एक होऊन आलेत. जकातीचं बोलतील. या वेळी नाही म्हणून भागायचं नाही." राजाने कुरकुर करत हुकूम लिहून घेतला होता. एक पायली. फक्त शिक्का उठवायचा बाकी होता. प्रधान तो कागद हातात धरूनच उभा होता.

"बोला," राजा म्हणाला. "काय मागणं आहे गावाचं?"

मीठवाला पुढे झाला. पाटलांनी डोळ्यांनीच धीर दिला. मीठवाल्याने तोंड उघडलं आणि म्हणाला, "महाराज, या नारळवाल्याची माफी काढून घ्या."

पाटील मटकन खाली बसले.

राजाने प्रधानाकडे पाहिलं, प्रधानाने राजाकडे. मग राजाच्या चेहऱ्यावर असं हसू फुटलं, जसं सासुरवाडीला जेवून आलेल्या जावयाच्या चेहऱ्यावर असतं. "एवढंच ना?" तो म्हणाला. "दिली मान्यता. आमच्या राज्यात सर्वांना सारखाच न्याय." प्रधानाने हातातल्या कागदाची घडी केली आणि ती हळूच कमरेला खोवली. मीठवाल्याला ती दिसलीसुद्धा नाही. तो नारळवाल्याचं तोंड बघण्यात गुंग होता.

बाहेर आल्यावर नारळवाल्याने आपल्या हातांनी शेंब्या उतरवून द्वारपालाला दिल्या. परतताना गावाची वेस आल्यावर तो मीठवाल्याला एवढंच म्हणाला, "मागायचंच होतं, तर तुझ्या बैलालाही माफी मिळावी असं तरी मागायचंस. मला आनंद झाला असता."

मीठवाल्याच्या बायकोने सारं ऐकलं आणि कपाळावर हात मारला. "दुसऱ्याला अपशकुन व्हावा म्हणून आपलं नाक कापून घेतलंत तुम्ही. आणि सगळ्या गावाचंही कापलंत."

पण खोटं कशाला सांगू, त्या आठवड्यात मीठवाल्याला भाकरी गोड लागली. नाक्यावर नारळवाला शेजारी उभा राहून नारळ मोजून देत होता. मीठवाल्याने स्वतःच्या तीन पायल्या हसत हसत भरल्या.

हे सुख पंधरा दिवस टिकलं. हत्ती झोपाळ्यावर एकटा बसायला तयार होईना, म्हणून राजाने हत्तिणीसाठी दुसरा झोपाळा करायला घेतला. नाक्यावर दवंडी पिटली: गोणीमागे चार पायल्या. गाव पाटलांकडे धावलं. पाटील म्हणाले, "गाऱ्हाणं मांडून झालं की आपलं. आता पुढच्या वर्षी." आणि त्यांनी मीठवाल्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

मीठवाल्याने दोन महिने ओढाताण केली. मग एके दिवशी हरण्याला धुतलं, पुसलं आणि बाजारात नेलं. परक्या माणसाने दोर धरला तेव्हा हरण्या जागचा हलेना. तो वळून वळून मीठवाल्याकडे बघत होता. शेवटी मीठवाल्यानेच त्याला मागून ढकललं, आणि घरी येईपर्यंत तो रडत होता.

तिकडे प्रधान राजाला म्हणाला, "महाराज, एक नामी गोष्ट कळली. दर गावात एकेका घराला माफी देऊन टाकू. मग जकातीचं गाऱ्हाणं घेऊन कुणी येणारच नाही." राजाने ढीगभर शेंब्या घडवून घेतल्या.

वर्ष सरत आलं. मीठवाला आता डोक्यावर पाटी घेऊन घाट चढत होता. पाटीभर मीठ, दहा पावलं चालायचं की टेकायचं. मानेला घट्टे पडले होते. वाटेत एका झाडाखाली पलीकडच्या गावची माणसं बसलेली दिसली. राजाकडे निघाली होती.

"काय मागणार?" मीठवाल्याने विचारलं.

"आमच्या गावात एक तेली आहे," त्यांचा म्होरक्या म्हणाला. "त्याला एकट्यालाच माफी. ती काढायला लावणार आहोत."

मीठवाल्याने पाटी खाली ठेवली आणि हात जोडले. सगळी हकिकत सांगितली, हरण्याची सांगितली. "त्या तेल्याला राहू द्या," तो म्हणाला. "जकात कमी करून मागा. मी चुकलो, तुम्ही चुकू नका."

माणसांनी ऐकून घेतलं. मग म्होरक्या त्याच्या पाटीकडे निरखून बघत म्हणाला, "डोक्यावरच्या ओझ्याला जकात नाही ना? मग बोलायला तुझं काय जातं? तुझी तर चैन आहे लेका."

आणि सगळे त्या पाटीकडे जळक्या डोळ्यांनी बघत उठले आणि राजवाड्याच्या वाटेला लागले.

म्हणून सांगतो, शेजाऱ्याच्या ताटावर डोळा ठेवून बसलेल्याला आपल्या ताटातली भाकरी कोण उचलून नेतो, ते दिसत नाही.