अकरा घुंगरं

एका राज्यात गादी कोणाच्या बापजाद्यांची नव्हती. दर तिसऱ्या वर्षी चौकात खांब रोवले जात. ज्याला गादी हवी त्याचा एक खांब. रयतेतला जो तो येई आणि आपलं घुंगरू आपल्या हाताने हव्या त्या खांबाला बांधी. साळुंकी मोजून सांगे, मग जो तो आपलं घुंगरू घरी नेई. ज्याची जास्त, त्याची गादी.

त्या वर्षी केतकी विणकरणीला हजार घुंगरं आली. सरदार रणधवलाला अकरा, त्यातलं एक त्याचंच. त्याच्या अंगाचा तिळपापड झाला. "माग चालवणारी बाई राणी, आणि मला अकरा?" अन्न गोड लागेना. शेवटी तो डोंगरावरच्या कंकाळ मांत्रिकाकडे गेला.

"तीन कामं कर," मांत्रिक म्हणाला. "मंत्र माझा, जीभ तुझी."

पहिलं काम चावडीवर. "साळुंकी लबाड आहे, खोटं मोजते." लोक हसले, पण एकाने मान डोलावली. दुसरं काम घरोघर. वरच्या आळीला तो म्हणाला, खालची आळी तुमची घुंगरं चोरणार. खालच्या आळीलाही तेच उलटून सांगितलं. भरदिवसा दारांना कड्या लागल्या. तिसरं काम सोपं होतं. "भिऊ नका. घुंगरं माझ्यापाशी ठेवा, मी राखतो." आणि अहो, लोकांनी रांग लावून दिली! कोणी तलवार उपसली नव्हती.

रणधवलाने लोकांची सारी आपल्या खांबाला बांधली, आपलं एक आता कशाला म्हणून घरीच टाकलं आणि गादीवर बसला. केतकी मागावर परतली. त्या घटकेपासून रयतेच्या तोंडून एकच बोल निघू लागला. आईने लेकाला हाक मारली तरी निघे, "होय महाराज."

पण खांब वाजेना. वारा सुटला तरी मुका. वाजत होतं ते एकच, केतकीच्या पायातलं. तिने आपलं दिलं नव्हतं.

"हजार माझ्याकडे, आणि वाजतं ते हिचंच!" रणधवल तिच्या दारी गेला. "दे ते."

"देणार नाही. ओढून घ्यायचं तर घ्या."

त्याने ओढलं. घुंगरू मुकं झालं. "बोल, आता तरी मी थोर ना?"

"होय महाराज," केतकी म्हणाली.

जिच्या तोंडून ऐकायचं होतं, तिचे ते शब्दच नव्हते. त्याला रडू आलं.

आढ्यावरून साळुंकी म्हणाली, "आपल्या हाताने बांधलेलंच वाजतं. ज्याचं त्याला दे, शाप सुटेल."

"मग मला कोण बांधील?"

"मोजल्यावर सांगेन."

तीन दिवस तो खांबाला कान लावून बसला. चौथ्या दिवशी त्याने केतकीपासून सुरुवात करून एकेकाचं घुंगरू परत केलं. अकरांतली गोदाक्का घुंगरू हाती येताच कडाडली, "मेल्या, तुला मी आपणहून बांधलं होतं रे! जळलं तुझं राखणं!" मग सारा चौक बोलू लागला. डोंगरावर कंकाळाची जीभ टाळूला चिकटली ती कायमची. वरची आळी खाली मान घालून खालच्या आळीच्या दारी गेली.

पुन्हा खांब रोवले. गादी केतकीला मिळाली. साळुंकी शेवटच्या खांबावर बसली. "रणधवल, एक."

ते त्याचंच होतं. अकरा त्याला किती थोडी वाटली होती! केतकीच्या खांबाकडे पाहून पोटात जळलं, जळलंच. तेवढ्यात वारा आला आणि ते एक घुंगरू वाजलं. तो ऐकत उभा राहिला.

त्या राज्यात ज्याचं घुंगरू त्याच्या हाती आलं. तुमचं तुमच्या हाती राहो.