नऊ घड्याळं आणि मेलेले सेल

निंबगडच्या महाराजांची नऊच्या नऊ घड्याळं पुन्हा मागे पडली! जेवायला बोलावलेले पाहुणे वेळेवर दारात, आणि महाराज अजून अंघोळीत!

"दिवाणजी, सेल कुठले घातलेत?" महाराज गरजले.

"सगळ्यांत महागाचे, सरकार! पुन्हा पुन्हा चार्ज होणारे!" दिवाणजी छाती पुढे काढून म्हणाले. किंमत सांगितली की अक्कल दाखवावी लागत नाही, हा त्यांचा आयुष्यभराचा अनुभव.

केर काढणाऱ्या भिवराला हसू आवरेना. "अहो, ते सेल बसल्या जागी उतरतात! घड्याळाला वीज लागते ती केवढीशी! साधा स्वस्तातला सेल घाला, वर्षभर बघायला नको."

झालं! महाराजांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. महालात आणि स्वस्त वस्तू?

"फार कळतं ना तुला? मग दसऱ्यापर्यंत नऊही घड्याळं चालव. पण नवा सेल आणायचा नाही आणि जिवंत सेल घालायचा नाही! एक जरी घड्याळ थांबलं, तरी आईला घेऊन महालामागची तुमची खोली रिकामी करायची!"

भिवराच्या आईचे गुडघे धरलेले. तिला घेऊन जायचं कुठे? पण भिवरा एवढंच म्हणाली, "बरं, सरकार."

आता, महाराजांचा राज्यकारभार म्हणजे काय, तर दिवाणखान्यात खेळण्यातली आगगाडी पळवणं. वय वर्षं पंचावन्न! गाडी जरा रेंगाळली की आरोळी, "मेले सेल! फेका!" भिवराने कचऱ्यातून तेच सेल वेचले, पाणी सुटलेले बाजूला काढले, उरलेले पुसून घड्याळांत बसवले.

दसऱ्याला नऊही घड्याळं बिनचूक चालत होती.

"लबाडी!" दिवाणजी किंचाळले. "हिने जिवंत सेल घातलेत!"

"सरकारांच्या आगगाडीत घालून बघा की," भिवरा म्हणाली.

महाराजांनी स्वतः सेल काढून गाडीत घातले. गाडी जागची हलेना.

"मेलेत!" महाराज म्हणाले.

भिवराने त्यातलाच एक परत घड्याळात घातला. काटा पळू लागला!

"बघा, जिवंत आहे! शर्त मोडली!" दिवाणजींना उकळ्या फुटल्या.

"जिवंत म्हणता? चालेल!" भिवरा महाराजांकडे वळली. "पण सरकार, हे सेल मेले, हा हुकूम तुमचा. मी तो पाळला. आता हुकूम खोटा होता असं दिवाणजी म्हणतात. त्यांचं मानायचं की तुमचं?"

दिवाणजींचं तोंड एवढंसं झालं. महाराज पोट धरधरून हसले.

खोली भिवराच्या आईच्या नावावर झाली. घड्याळांचा कारभार दुप्पट पगारावर भिवराकडे आला. चार्जिंगचे सेल आगगाडीला गेले, आणि घड्याळांचे साधे सेल आणायला दिवाणजी स्वतः पिशवी घेऊन बाजारात निघाले, तेही पायी!